तांबीचा दोरा कोणाच्या हाती?

नंदुरबार तालुक्यातील रनाळे हे ताप्ती खोऱ्यातील रेल्वेमार्गावरचे गाव. कापूस आणि मिरची ही या पट्ट्याची पिके. ती वेचणारे, तोडणारे आणि मिरचीच्या पथारीवर दिवसभर वाकून राबणारे हात मुख्यत्वे स्त्रियांचे. रनाळ्याचे नाव येथे केवळ उदाहरणादाखल घेतले आहे. त्याच्या जागी खानदेशातले कोणतेही गाव घेता येईल. अशा गावात 'तांबी' हा शब्द निघाला की दोन मते ऐकू येतात. एक ओट्यावरचे: तांबी काळजापर्यंत चढते, पोटात गंजते, अंगातले रक्त शोषून घेते. दुसरे कचेरीतले: बायका अडाणी आहेत, अफवांवर विश्वास ठेवतात, म्हणून कार्यक्रम पुढे सरकत नाही. या दोहोंच्या पलीकडे तिसरे मत असावयास हवे होते, ते समाजवादी कार्यकर्त्याचे. पण हा बायकांचा आणि डॉक्टरांचा विषय असे म्हणून तो मजुरीच्या दराकडे आणि कर्जमाफीकडे वळतो. हे मौन निरुपद्रवी नाही. ज्या साधनाचा जमाखर्च स्त्रीच्या रक्तात मांडला जातो, ते साधन मजुरीच्या प्रश्नाइतकेच आर्थिक आणि म्हणून राजकीय आहे.

अडाणीपणा उपजत नसतो. माहिती एका बाजूला साठवून ठेवायची आणि दुसऱ्या बाजूला फक्त वस्तू पोचवायची, या व्यवस्थेतून तो निर्माण होतो. तेव्हा प्रथम ही वस्तू शरीरात नेमके काय करते, हेच स्पष्ट मांडले पाहिजे.

तांबी म्हणजे इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराची, सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांबीची प्लास्टिकची लवचीक काडी. तिच्या उभ्या दांड्याभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. '३८० ए' या प्रकारात आडव्या हातांवरही तांब्याच्या नळ्या असतात. नावातील आकडा तांब्याच्या ३८० चौरस मिलिमीटर पृष्ठभागाचा आहे. ही काडी गर्भाशयाच्या पोकळीत बसवतात. तिच्या खालच्या टोकाचा बारीक दोरा गर्भाशयाच्या मुखातून किंचित बाहेर राहतो. तांब्याचे अतिसूक्ष्म विद्युतभारित कण या पृष्ठभागावरून सतत सुटत राहतात आणि गर्भाशयातील व गर्भनलिकांतील स्रावांत मिसळतात. परक्या वस्तूच्या अस्तित्वामुळे गर्भाशयाच्या अस्तरात पांढऱ्या पेशी गोळा होतात. हा दाह जंतुसंसर्गाचा नव्हे. पायात काटा राहिला की शरीर त्याच्याभोवती जी फौज जमवते, त्याच जातीचा तो प्रकार आहे. तांब्याचे कण आणि या पेशी मिळून तेथील वातावरण शुक्रजंतूंना घातक बनवतात. त्यांची हालचाल मंदावते, अनेक मरतात, आणि स्त्रीबीजापर्यंत फलनक्षम स्थितीत ते सहसा पोचतच नाहीत. या साधनाने पहिल्या वर्षात शंभरांत एकीपेक्षाही कमी स्त्रियांना गर्भ राहतो. '३८० ए' तांबी दहा वर्षे काम देते आणि ती काढली की गर्भधारणेची क्षमता लगेच परत येते.

यावरून ओट्यावरच्या आणि काही धर्मपीठांवरच्याही आक्षेपांचा निकाल लागतो. गर्भाशयाच्या पोकळीतून काळजाकडे जाणारी वाट नाही. हजारांत एक-दोन स्त्रियांच्या बाबतीत मात्र बसवताना तांबी गर्भाशयाची भिंत भेदून पोटात जाऊ शकते आणि मग ती शस्त्रक्रियेने काढावी लागते. हा धोका लहान आहे म्हणून तो लपवण्याचा अधिकार कोणालाही प्राप्त होत नाही. तांबी म्हणजे दर महिन्याचा गर्भपात, हा दुसरा आक्षेपही टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८७ सालच्या अहवालात उपलब्ध पुराव्यांची छाननी करून असा निष्कर्ष काढला की, या साधनांचा मुख्य परिणाम फलनाच्या आधीच होतो. फलित बीज रुजू न देणे हे त्यांच्या यशाचे मुख्य कारण नाही. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत आणीबाणीचा उपाय म्हणून तांबी बसवली तर ती बीज रुजण्यास अडथळा आणू शकते, हेही सांगितले पाहिजे. सत्य संपूर्ण सांगितले म्हणजे ते दुर्बळ होत नाही.

आता रक्त शोषण्याची गोष्ट. तांबी रक्त शोषत नाही. पण पाळीचा रक्तस्राव वाढवते, हे वैद्यकशास्त्राला पहिल्यापासून माहीत आहे. ओट्यावरची बाई जे सांगते त्याचे कारण चुकीचे असेल, पण अनुभव खरा आहे. कचेरीने तिचे कारण खोडून काढले आणि त्याबरोबर तिचा अनुभवही खोटा ठरवला. येथेच तिचा विश्वास गेला.

हा रक्तस्राव आकड्यांत मांडून पाहण्यासारखा आहे. सर्वसाधारण पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. तांबीमुळे त्यात सुमारे निम्म्याची भर पडू शकते, म्हणजे १५ ते २० मिलिलिटर. निरोगी रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये अंदाजे ०.४ मिलिग्रॅम लोह असते. याचा अर्थ दर पाळीला ६ ते ८ मिलिग्रॅम आणि वर्षाला सुमारे ९० मिलिग्रॅम लोहाचा जादा खर्च. भाकर, डाळ, भाजी अशा आहारातील लोहापैकी शंभरी पाच-सात भागच शरीरात जिरतो. तेव्हा ही तूट अन्नातूनच भरून काढावयाची तर त्या स्त्रीला रोज सुमारे ४ मिलिग्रॅम लोह अधिक देणारे अन्न मिळावे लागेल. ज्या घरात दादरची भाकर आणि मिरचीचा ठेचा हेच अनेकदा जेवण असते, आणि स्त्री सर्वांच्या मागून जेवते, तेथे हे अधिक अन्न कोठून येणार?

या हिशेबाची दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. एका गर्भारपणात स्त्रीला सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागते. म्हणजे तांबी दहा वर्षांत जेवढे लोह खर्ची घालते, तेवढे एकच नको असलेले बाळंतपण नऊ महिन्यांत घेऊन जाते. बाळंतपणातील जिवाचा धोका तो निराळाच. निव्वळ व्यवहार म्हणून पाहिले तर तांबी हा स्त्रीच्या फायद्याचा सौदा आहे. पण कोणत्याही सौद्यात खर्चाची बाजू कोण भरते हा प्रश्न असतोच. येथे लाभ तिघांचा आहे: स्त्रीचा, कुटुंबाचा आणि लोकसंख्येचे आकडे खाली आणू पाहणाऱ्या शासनाचा. खर्च मात्र एकटीच्या रक्तातून वसूल होतो. शासनाने आपल्या वाट्याचा खर्च लोहाच्या गोळीच्या, रक्ततपासणीच्या आणि फेरतपासणीच्या रूपाने भरला पाहिजे. तो न भरणे म्हणजे मजुराकडून काम करवून घेऊन मजुरी बुडवणेच होय.

या बुडवणुकीचा आरंभ कोणत्या जमिनीवर होतो हेही पाहिले पाहिजे. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आहेत. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक. त्यातच नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. रक्तक्षय किंवा सिकलसेल असलेल्या स्त्रीला तांबी वर्ज्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार अशा स्त्रियांत तिचे लाभ सामान्यतः धोक्यांपेक्षा अधिक ठरतात. पण तेच निकष देखरेखीची गरजही गृहीत धरतात. सिकलसेलच्या रुग्णाला लोहाच्या गोळ्याही तपासणीवाचून देता येत नाहीत. म्हणजे ज्या स्त्रीला देखरेखीची गरज सर्वांत अधिक, तीच स्त्री उसाच्या हंगामात मुकादमाच्या टोळीबरोबर गुजरातेत असते, आणि देखरेख करणारी यंत्रणा गावात तिची वाट पाहते किंवा तीही पाहत नाही.

दुर्लक्षित रक्तस्रावाचा शेवट कोठे होऊ शकतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे उघडकीस आल्यावर राज्य शासनाला २०१९ साली चौकशी समिती नेमावी लागली. त्या प्रकरणाचा तांबीशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण खाडा परवडत नाही म्हणून अंगावर काढलेले दुखणे, अंगावरून जाणाऱ्या रक्ताला मिळालेली 'पिशवीच काढून टाका' ही सोपी सल्लामसलत, आणि त्यातून कोणाचा तरी झालेला धंदा, ही साखळी कष्टकरी स्त्रीच्या शरीराभोवती कशी आवळते ते त्यात स्पष्ट दिसले.

साधन चांगले आणि व्यवस्था वाईट, हा अनुभव नवा नाही. १९६५ साली केंद्र शासनाने 'लूप' मोठ्या गाजावाजाने आणले. अमेरिकेतील डॉ. जॅक लिप्स यांनी तयार केलेले ते नागमोडी प्लास्टिकचे साधन. त्यात तांबे नव्हते. त्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी लोकसंख्या रोखण्यावर खर्चिलेले पाच डॉलर हे विकासात गुंतवलेल्या शंभर डॉलरांच्या तोडीचे आहेत, अशा आशयाचे विधान केले. स्टीफन एन्के या अर्थशास्त्रज्ञाच्या गणिताचा त्याला आधार होता. न जन्मलेल्या मुलाची किंमत डॉलरांत काढणाऱ्या त्या गणितात आईच्या रक्ताचा रकाना नव्हता. भारतात कानपूरला लूपचा कारखाना निघाला, उद्दिष्टे ठरली, आणि १९६६ साली एका लूपमागे ११ रुपये, पुरुषाच्या नसबंदीमागे ३० आणि स्त्रीच्या शस्त्रक्रियेमागे ४० रुपये असा दर केंद्राने राज्यांसाठी बांधून दिला. १९६६-६७ साली सुमारे ९ लाख लूप बसवले गेले. दोनच वर्षांत हा आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. रक्तस्राव झाला तेव्हा विचारणारे कोणी नव्हते. लूप आपोआप पडले तेव्हा सांगायला जागा नव्हती. शिबिर उठले होते आणि डॉक्टर पुढच्या गावाला गेले होते. अपयशाचे खापर मात्र अफवांवर फोडण्यात आले.

त्यानंतरचा इतिहास सर्वश्रुत आहे. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत बहुसंख्य पुरुषांच्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही. पुरुषांवरच्या सक्तीने सरकार कोसळले. त्यातून राज्यकर्त्यांनी धडा घेतला तो सक्ती सोडण्याचा नव्हे, पुरुषांना सोडण्याचा. वर उल्लेखिलेल्या पाहणीतील आकडे याची साक्ष देतात: विवाहित जोडप्यांत स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, पुरुष-नसबंदीचे ०.३ टक्के आणि तांबीचे २.१ टक्के. १९९६ साली उद्दिष्टांची पद्धत अधिकृतपणे रद्द झाली. तरीही प्रसूतीनंतर स्त्री अजून खाटेवर असतानाच तिला नीट न विचारता तांबी बसवल्याच्या तक्रारी देशाच्या निरनिराळ्या भागांतून वेळोवेळी आल्या आहेत. उद्दिष्टाचा शब्द गेला, त्याची सवय गेली नाही.

या सर्व इतिहासाचे सार त्या बारीक दोऱ्यात सामावलेले आहे. दोरा दोन कामांसाठी असतो. तांबी जागेवर आहे की पडली, हे स्त्रीला स्वतः बोटाने तपासता यावे, आणि नको असेल तेव्हा ती प्रशिक्षित परिचारिकेला काही मिनिटांत काढता यावी. अमेरिकेत १९७१ पासून विकल्या गेलेल्या 'डाल्कन शील्ड' या साधनाचा दोरा अनेक तंतूंचा होता. दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे जंतू त्यातून गर्भाशयात चढले. असंख्य स्त्रियांना गंभीर संसर्ग झाला, काही दगावल्या. १९७४ साली अमेरिकेत त्याची विक्री थांबली. पण तत्पूर्वी अमेरिकी मदतसंस्थेमार्फत तेच साधन, निर्जंतुकही न करता, ठोक भावाने गरीब देशांना पाठवले गेले होते. चीनमध्ये याच्या उलट घडले. तेथे एक-अपत्य धोरणाच्या काळात कोट्यवधी स्त्रियांना बसवलेल्या पोलादी कड्यांना दोराच नव्हता. ते कडे स्त्रीला तपासता येत नव्हते आणि रुग्णालयात गेल्यावाचून काढताही येत नव्हते. एकीकडे नफ्याने दोरा सदोष केला, दुसरीकडे राज्यसत्तेने दोरा काढूनच घेतला. स्वतःस समाजवादी म्हणवणाऱ्या राज्यातही स्त्रीचे शरीर नियोजनाचा कच्चा माल ठरू शकते, हे या उदाहरणाने दाखवून दिले आहे, आणि ते विसरणे चळवळीला परवडणारे नाही.

भारतातील तांबीला दोरा आहे आणि तो चांगला आहे. परंतु 'काढून द्या' म्हणत आलेल्या स्त्रीला 'आणखी थोडे दिवस थांब', 'नवऱ्याला घेऊन ये', 'डॉक्टर आज नाहीत' असे सांगून परत पाठवले जाते, तेव्हा तो दोरा असून नसल्यासारखाच होतो. बसवण्याची नोंद होते, काढण्याची मागणी नोंदलीच जात नाही. जे साधन हवे तेव्हा काढून मिळत नाही, ते साधन स्त्रीने स्वेच्छेने स्वीकारले असे म्हणता येत नाही. संमती ही एकदा घेऊन फाईलला लावायची वस्तू नव्हे.

चळवळीतील काहींचा आक्षेप असा असतो की, संततिनियमन हे माल्थसच्या अनुयायांचे थोतांड आहे; गरिबीचे कारण लोकसंख्या नसून विषमता आहे, तेव्हा या कार्यक्रमाकडे पाठ फिरवावी. यातील पूर्वार्ध बरोबर आहे, उत्तरार्ध साफ चूक. गरिबी लोकसंख्येने निर्माण होत नाही, हे मान्य केले तरी पाचव्या बाळंतपणाने रनाळ्याच्या शिवारातील मजूर स्त्री खचते, हे सत्य उरतेच. महाराष्ट्रात या विषयाची परंपरा माल्थसच्या गणितापेक्षा मोठी आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्यापायी विल्सन कॉलेजातील प्राध्यापकी गमावली, आणि १९२७ पासून मृत्यूपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. १९३८ साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला तो स्वतंत्र मजूर पक्षाने. आमदार रोहम यांनी मांडलेल्या त्या ठरावामागे डॉ. आंबेडकरांचा विचार होता. ठराव फेटाळला गेला. मजुरांच्या पक्षाने हा विषय स्त्रीच्या आरोग्याचा आणि प्रतिष्ठेचा म्हणून हाती घेतला होता, ही गोष्ट मात्र इतिहासात नोंदली गेली. तो विषय पुढे नोकरशाहीच्या हाती गेला, याचे एक कारण पुरोगाम्यांनी तो सोडून दिला हे आहे.

तेव्हा प्रश्न तांबी हवी की नको असा नाही. तो स्त्रीने ठरवायचा. ठरवण्यासाठी जे लागते ते तिला मिळवून देणे, हे कार्यकर्त्याचे काम आहे, आणि त्यासाठी मागण्या नेमक्या हव्यात. तांबी बसवण्यापूर्वी हिमोग्लोबिनची तपासणी, आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यात सिकलसेलचीही. ती कशी काम करते, रक्त किती जाऊ शकते, पोटात कळ आली, ताप आला वा दोरा लागेनासा झाला तर काय करायचे, हे अहिराणीत वा भिलीत, तिच्या बोलीत सांगणे. तांबीचा प्रकार, बसवल्याची तारीख आणि काढण्याचे वर्ष लिहिलेले कार्ड तिच्या हाती. पुढच्या पाळीनंतर फेरतपासणी. लोहाच्या गोळ्या देण्याची योजना शासनाकडे २०१८ पासून 'अ‍ॅनिमियामुक्त भारत' या नावाने आहेच. तांबीची नोंदवही आणि गोळ्यांची नोंदवही एकमेकींना जोडावी, एवढीच मागणी आहे. स्त्री मागेल त्या दिवशी, कारण न विचारता, नवऱ्याच्या सहीवाचून तांबी काढून मिळावी. आणि मजुरीसाठी राज्याची हद्द ओलांडलेल्या स्त्रीला जेथे असेल तेथे. शिवाय पुरुषाची नसबंदी ही स्त्रीच्या शस्त्रक्रियेहून सोपी व कमी धोक्याची आहे, हे पुरुषांच्या बैठकीत पुरुष कार्यकर्त्याने सांगावे. ज्याला ते सांगताना संकोच वाटतो, त्याने स्त्रीमुक्तीवर भाषण करण्याचा मोह आवरावा.

यातील एकाही मागणीला परदेशी मदत लागत नाही, नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. ग्रामसभेत प्रश्न विचारावा लागतो: गेल्या वर्षी गावात किती तांब्या बसवल्या, त्यांपैकी किती स्त्रियांचे रक्त तपासले, किती जणींनी काढून मागितली आणि किती जणींना परत पाठवले? पहिल्या आकड्याचे उत्तर कचेरीत तयार असेल. उरलेल्या तिहींचे उत्तर मिळेपर्यंत तोच प्रश्न दर ग्रामसभेला पुन्हा विचारत राहणे, हेच या आघाडीवरचे राजकारण आहे.